शकुनाची मेथी

व्याही, तुम्ही गुरुवारी सकाळी गेलात आणि तुमच्या क्लबची शेवटची मॅच रविवारी होती. थोडं थांबला असतात तर निकाल स्वतःच पाहिला असतात. पण थांबणं तुमच्या स्वभावात नव्हतं. बस यायला उशीर झाला की तुम्ही पुढच्या स्टॉपपर्यंत चालत निघायचात आणि मग बस तुमच्या शेजारून निघून जायची. तेव्हा निकाल आता मलाच सांगावा लागणार. सांगते. पण त्याआधी आपलं अर्धवट राहिलेलं भांडण पूर्ण करते. त्या मॅचचा माझ्या हातांशी काहीतरी संबंध आहे, असं तुमचं म्हणणं होतं. काही संबंध नाही, असं माझं.

हे मी मराठीत लिहितेय. आमच्या विहाराचा वर्षातून एकदा अंक निघतो, त्यात छापणार आहेत. तुम्हाला मराठी वाचता येत नव्हतं. पण ते जिवंतपणीही येत नव्हतं, तेव्हा आता त्याची खंत करण्यात अर्थ नाही.

वाचणाऱ्यांना कळावं म्हणून एवढं सांगते, की तुम्ही माझ्या सुजाताचे सासरे. ओरासियो तुमचं नाव, पण मी ते कधी घेतलं नाही. तुम्ही मला 'कोन्सुएग्रा' म्हणायचात, म्हणजे तुमच्या स्पॅनिशमध्ये विहीण. मी तुम्हाला व्याही म्हणायचे. सुजाता म्हणते, इंग्लिशमध्ये या नात्याला शब्दच नाही. डॉक्टरांपुढे तिला 'माय मदर अँड माय हजबंड्स फादर' असं लांबण लावावं लागायचं आणि डॉक्टर आपल्या दोघांकडे आळीपाळीने बघत राहायचे. कॅनडातल्या केंब्रिजच्या त्या घरात तुम्ही खाली बेसमेंटमध्ये, मी किचनच्या बाजूच्या खोलीत, आणि वरच्या मजल्यावर लेक-जावई. ब्रॅम्पटनला विहारात एकीने मला विचारलंच, "मावशी, व्याही आणि विहीण एकाच घरात? कसं वाटतं हो?" मी म्हणाले, "घर पोरांचं आहे. आम्ही दोघं वरची भर."

आमच्यात लग्न म्हणजे वंदना, हार आणि जेवण, एवढंच. पण मुलाकडच्यांचा मान आमच्यातही अजून सुटलेला नाही. सुजाताच्या लग्नात मी तुमच्यासाठी पुढची खुर्ची धरून ठेवली होती. तुम्ही कोट काढलात, बाह्या दुमडल्या आणि पाहुण्यांना भात वाढायला लागलात. नागपूरहून आलेला माझा भाऊ माझ्या कानाशी येऊन म्हणाला, "हा वाढून राहिला तो केटरिंगवाला आहे का?" मी म्हणाले, "व्याही आहे." तो ताटावरून उठून उभाच राहिला. तुम्ही त्याला खांदा दाबून खाली बसवलंत आणि वर आणखी भात घातलात. भाऊ परत जाईपर्यंत तेच सांगत होता. मुलाचा बाप वाढतो, आणि तेही असा ढिगाने.

फुटबॉल मला माहीत नव्हता. नागपूरला मी हॉस्पिटलात आया होते, खेळ बघत बसायला वेळ नव्हता. तुमचा क्लब म्हणजे मोंतेविदेओ शहरातल्या एका वस्तीचा क्लब. ग्राउंड एवढं लहान, की गोलच्या मागे लोकांच्या गच्च्यांवर वाळत घातलेल्या चादरी टीव्हीवर दिसायच्या. एकदा मैदानात कुत्रा शिरला आणि दोन्हीकडचे खेळाडू मिळून त्याच्यामागे धावले. "हीच का देशातली सगळ्यात वरची लीग?" असं मी विचारलं तेव्हा तुम्ही दुखावलात. उरुग्वेच्या पहिल्या लीगमध्ये आपली वस्ती खेळते, मोठमोठ्या क्लबांच्या डोळ्यात डोळे घालून, याचा तुम्हाला फार अभिमान. तिकडे लष्कराचं राज्य आलं तेव्हा तरुणपणी देश सोडलात, इथे येऊन जन्मभर लोकांच्या वॉशरूममध्ये फरशा बसवल्यात, इथला पासपोर्ट घेतलात. क्लब तेवढा बदलला नाहीत.

तुमची बघायची पद्धतही और. टीव्हीचा आवाज बंद आणि कानात तिकडचा रेडिओ. मी पहिल्यांदा खाली आले तेव्हा बॉल अजून मैदानाच्या मध्यावरच होता आणि तुम्ही हात वर करून उभे राहिलात. मग खरंच गोल झाला. पुढच्या वेळीही तसंच. जावई, म्हणजे तुमचा मार्तिन, मला म्हणाला, "आई, पापाला आधीच कळतं." त्याला वाटलं म्हातारीला चकवू. मी उठले, तुमच्या टोपीखाली हात घातला आणि कानातलं बटण ओढून काढलं. रेडिओ थेट यायचा आणि चित्र मागून.

"तुला चमत्कार दिसला नाही?" तुम्ही म्हणालात.

"मला वायर दिसली," मी म्हणाले.

तिथून आपली दोस्ती झाली, असं तुम्ही सगळ्यांना सांगायचात. माझ्या मते ती माटेवर झाली. माटे म्हणजे तुमचा चहा. वाळलेल्या भोपळ्याच्या कवचात हिरवा पाला, त्यावर गरम पाणी आणि ओढायला धातूची नळी. भोपळा एकच, नळी एकच, आणि बसलेला प्रत्येक जण आळीपाळीने त्यातूनच ओढणार. तुम्ही स्वतः प्यायलात, पुन्हा पाणी भरलंत आणि तीच नळी माझ्यापुढे धरलीत. मी थोडा वेळ नळीकडे बघत राहिले. तुम्हाला वाटलं मला किळस आली. तुम्ही पुसायला रुमाल काढलात. मी रुमाल बाजूला सारला आणि प्यायले. कडू होतं. तरी रीत म्हणून थँक यू म्हणाले. त्यानंतर कितीतरी दिवस तुम्ही मला माटे दिलाच नाही. मी मनात म्हणायचे, माणूस बोलायला बरा आहे, पण हात आखडता दिसतो. मग मार्तिनने सांगितलं, की माटे पिताना थँक यू म्हटलं की त्याचा अर्थ बस, आता नको. तुमच्यापुरतं मी थँक यू म्हणणं सोडून दिलं.

पण नळीकडे का बघत होते, ते तुम्हाला कधी सांगितलं नाही. माझ्या आईला गावात पाणी वरून ओंजळीत ओतायचे, भांड्याला हात लागू न देता. तिची लेक एका परक्या माणसाच्या तोंडातली नळी आपल्या तोंडात घेत होती, आणि त्या माणसाला त्यात काही विशेष वाटत नव्हतं. हे तेव्हा सांगितलं असतं तर तुम्ही डोळ्यांत पाणी आणलं असतंत आणि माटे गार झाला असता. म्हणून नाही सांगितलं. आता सांगते.

यंदाचा सीझन फेब्रुवारीत सुरू झाला. तिकडे ऐन उन्हाळा, खेळाडू डोक्यावर पाणी ओतून घेत होते. इकडे मार्तिन ड्राइव्हवेवरचं बर्फ शोव्हल करून लालबुंद होऊन आत आला. तुम्ही पहिल्याच दिवशी म्हणालात, यंदा धोका आहे. मला कळेना, पहिल्याच मॅचला धोका कसला. मग तुम्ही नियम समजावलात. सीझन संपला की सगळ्यात मागे राहिलेले क्लब खालच्या लीगमध्ये टाकतात. पण मागे कोण, हे एकट्या या वर्षाच्या गुणांवर ठरत नाही. गेल्या वर्षीचे आणि यंदाचे गुण मिळून सरासरी काढतात. तुमच्या क्लबचं गेलं वर्ष वाईट गेलं होतं. म्हणजे यंदा कितीही चांगले खेळले तरी गेल्या वर्षीचं ओझं पाठीवर होतंच.

"खेळाडू गेल्या वर्षीचेच आहेत का?" मी विचारलं.

"नाही. बहुतेक नवे. कोचपण नवा."

"मग त्यांचं यांनी का भरायचं?"

"क्लब तोच आहे ना. शर्ट तोच."

"शर्ट हरत नाही. माणसं हरतात."

तुम्ही म्हणालात, नियम न्यायाचा आहे. चार मॅच वाईट गेल्या म्हणून क्लब बुडू नये, दोन वर्षांत खरं काय ते कळतं. मी म्हणाले, आम्हालाही असंच सांगायचे. तू आता कसाही वाग, तुझं मागलं ठरलेलं आहे, मागच्या जन्मीचं आहे, ते फेडत बस. आमच्या बापजाद्यांनी ते ऐकून घेतलं, आणि मग एक दिवस ऐकायचं सोडलं. तुम्हाला माझ्या खोलीतल्या भिंतीवरचा फोटो आठवला. निळा सूट, गोल चष्मा. हे नात्यातले का, असं तुम्ही पूर्वी कधीतरी विचारलं होतं, आणि मी म्हणाले होते, हो, सगळ्यात जवळचे.

"त्यांनी सांगितलं, ऐकू नका म्हणून?"

"त्यांनी."

"ते फुटबॉल बघायचे?"

"त्यांना कामं होती."

हा वाद आपण सबंध सीझन चालवला. छातीच्या डॉक्टरांकडून परत येताना गाडीत तुम्हीच तो पुन्हा काढलात. सिगारेट सोडून तुम्हाला कितीतरी वर्षं झाली होती, पण डॉक्टर म्हणाले, जुना धूर आत आहे, आणि फरशा कापतानाची धूळही. तुम्ही मला म्हणालात, "बघ, छातीचीपण सरासरी काढतात. आणि मी तक्रार करत नाही."

"सिगारेटी तुम्ही ओढल्यात. धूर तुमचा, छाती तुमची. तिथे मी काही म्हणत नाही," मी म्हणाले. "या वर्षीच्या पोरांनी काय ओढलं होतं?"

तुम्ही खिडकीबाहेर बघत बसलात. घरी आल्यावर म्हणालात, खोकल्यामुळे बोललो नाही. खोकला मला काही ऐकू आला नाही, व्याही.

आता मेथी. बर्फ वितळायला लागलं होतं तेव्हाची गोष्ट. खाली तुमची मॅच चालली होती, आणि मी तुमच्या टेबलावर ग्रोसरीच्या जाहिरातींचे कागद पसरून मेथी निवडत होते. एकटीने वर बसण्यापेक्षा बरं, म्हणून. त्या दिवशी तुमच्या क्लबने एका बड्या क्लबला हरवलं. पुढच्या मॅचला तुम्ही सकाळीच बसने शेजारच्या किचनर शहरात गेलात आणि मेथीच्या जुड्या घेऊन आलात. मला वाटलं, माणसाला भाजी आवडली. मी निवडायला बसले, तुम्ही जिंकलात. मग प्रत्येक मॅचला मेथी. पराठे झाले, डाळमेथी झाली, मुटके झाले. सुजाता एक दिवस फ्रीजर उघडून उभी राहिली.

"आई, सीरियसली, परत मेथी? आइस्क्रीम ठेवायला जागा नाही राहिली."

"तुझ्या सासऱ्याला सांग. त्यांनाच लागते."

"त्यांना? पापा म्हणतात, तुलाच आवडते."

मार्तिन टेबलावर डोकं ठेवून हसायला लागला. तेव्हा मला कळलं. तुमच्याकडे त्याला 'काबाला' म्हणतात. क्लब जिंकला त्या दिवशी जो जिथे बसला होता, जे करत होता, ते त्याने पुढेही तसंच करत राहायचं, म्हणजे क्लब जिंकत राहतो. आमच्याकडे त्याला शकुन म्हणतात. पुढच्या मॅचला मी खाली आले नाही.

तुम्ही विचारलंत, एवढं काय झालं, बसून भाजीच तर निवडायची. मी म्हणाले, माझ्या आईबापाने दीक्षा घेतली तेव्हा मी आईच्या कडेवर होते. घरातले देव, नवस, मुहूर्त, शकुन, सगळं त्यांनी एका दिवसात बाहेर टाकलं. मी माझं लग्न मुहूर्त न बघता केलं, लेकीचं नाव पंचांग न उघडता ठेवलं. ते सगळं आता बॉलसाठी मोडू?

"बॉल विचारत नाही, तू का बसलीस," तुम्ही म्हणालात.

"मी विचारते."

त्यानंतर क्लब हरायला लागला. एक मॅच, दुसरी, तिसरी. तुम्ही बोलत नव्हता, पण वर माटेचं पाणी गरम करायला आलात की माझ्याकडे बघायचात. एक दिवस किटली भरता भरता बोललातच. "तू येत नाहीस, म्हणून हरतोय."

मी स्टोव्ह बंद केला आणि तुम्हाला बसा म्हणाले. माझं इंग्लिश ग्रोसरीपुरतं. लकी आणि अनलकी, एवढे दोनच शब्द फिरवून फिरवून मी तुम्हाला माझ्या आईचं सांगितलं. गावातला कोणी चांगल्या कामाला निघाला की तिला रस्ता सोडून भिंतीआड उभं राहावं लागायचं, कारण आमचं तोंड दिसलं की काम फसतं. फसलंच, तर दोष तिचा. "बर्फ होतं तेव्हा मी लकी होते," मी म्हणाले. "आता उन्हाळा आला, मी अनलकी झाले. तुम्ही चांगले, म्हणून तुम्हाला एवढा वेळ तरी लागला. जो एकाला लकी म्हणतो ना, त्याच्या दुसऱ्या खिशात अनलकी तयार असतं."

तुम्ही किटली तिथेच ठेवून खाली गेलात. मला वाटलं, आता आपलं बोलणं संपलं.

पुढच्या मॅचला तुम्ही माटे घेऊन वर आलात. मेथी नव्हती. "खाली ये," म्हणालात, "हात रिकामे घेऊन." मी आले. त्या दिवशी क्लब सपाटून हरला आणि तुम्ही सबंध मॅचभर माझ्याकडे एकदाही पाहिलं नाहीत. बघायचं नाही असं ठरवून, मान आखडेपर्यंत टीव्हीकडे बघत बसलात. मला माफी मागणारी माणसं पुष्कळ भेटली आहेत, डॉक्टर, मेट्रन, नातेवाईक. कोणी माझ्यासाठी मान आखडून घेतली नव्हती.

सीझनच्या दुसऱ्या भागात क्लब जिंकायला लागला. मेथीशिवाय. हे मी दोन-तीनदा बोलून दाखवलं. तुम्ही म्हणायचात, नवा कोच रुळला. मी म्हणायचे, बरोबर, कोच. पण सरासरी काही लवकर वर येत नव्हती. चांगल्या गुणांखाली गेल्या वर्षीचे वाईट गुण होतेच. आणि पानं गळायला लागली तेव्हा तुम्हाला बेसमेंटचा जिना चढवेना. मग हॉस्पिटल, मग ऑक्सिजन.

बुधवारी मी एकटीच तुमच्यापाशी होते. तुम्ही मास्क बाजूला केलात.

"रविवारी शेवटची."

"माहीत आहे. बोलू नका."

"जिंकलो तर कदाचित राहू. मेथी घेऊन बस."

"तुम्ही आता ते मानत नाही ना?"

"मानत नाही. विचारतोय."

"का पण?"

तुम्ही मास्क लावलात, श्वास घेतलात, परत काढलात. "इतक्या लांबून मी दुसरं काय करणार होतो?" तुम्ही म्हणालात. "सगळं आयुष्य तिकडे ते खेळतात आणि इकडे मी टोपी उलटी घालतो. तेवढंच माझ्या हातात."

मी म्हणाले, "बघू."

"सुजाता म्हणते, तुझं बघू म्हणजे नाही."

"कधी कधी हो असतं."

"या वेळी?"

"बघू."

तुम्ही हसलात, त्यातून खोकला आला, नर्सने मला बाहेर पाठवलं. दुसऱ्या दिवशी सकाळी फोन आला.

शनिवारी तुम्हाला निरोप दिला. तुमच्या देशातली म्हातारी माणसं आली होती, काखेत माटेच्या पाण्याचा थर्मास घेऊन, जशी देवळात नारळ घेऊन जातात तशी. पाद्री नको असं तुम्ही सांगून ठेवलं होतं. मी मनातल्या मनात त्रिशरण म्हटलं. तुम्हाला विचारलं नव्हतं, पण तुम्ही नको म्हणाला नसतात.

शनिवारी संध्याकाळी मार्तिन बाहेर जाऊन आला आणि मेथीच्या दोन जुड्या किचनच्या टेबलावर ठेवून वर गेला. तुम्ही त्यालाही सांगून ठेवलं होतं. सुजाता माझ्या खोलीत आली.

"आई, एकदाच बस ना. ही आस्क्ड यू."

"त्यांनी काय विचारलं ते मला माहीत आहे. मी होते तिथे."

"मग? कोणाचं काय जाणार आहे?"

तिला वाटतं काही जात नाही, कारण ती भिंतीआड उभी राहिली नाही. मी उभी राहू दिली नाही. मी अंथरुणावर पडून नीट विचार केला. मी बसले नाही आणि क्लब हरला, तर मार्तिन मला शब्दाने बोलणार नाही, पण बापाचं शेवटचं मागणं आईंनी ठेवलं नाही, हे त्याच्या मनात राहील. बसले आणि जिंकला, तर ते त्याहून वाईट. मग प्रत्येक सीझनला एक विहीण लागेल, तिच्यानंतर दुसरी कोणी, आणि एखाद्या वर्षी ती अनलकी निघेल. आणि तुम्ही तर गेला होतात. गेलेल्या माणसाशी पुन्हा बोलून ठरवता येत नाही.

रविवारी सकाळी उठले. घरात शेजाऱ्यांनी आणून दिलेले लझान्याचे ट्रे तसेच पडले होते. तुम्ही गेल्यापासून कोणी धड जेवलं नव्हतं. मी जुड्या सोडल्या, किचनच्या टेबलावर बसून काडी न काडी निवडली, धुतली, चिरली, लसणाची फोडणी दिली आणि भाकऱ्या थापल्या. दोघांना हाक मारून जेवायला बसवलं. मार्तिनने ताटाकडे पाहिलं, मग माझ्या हातांकडे.

"आई, मॅच दुपारी आहे."

"माहीत आहे. भाजी सकाळीच झाली."

"पापा म्हणाले असते, हे चालत नाही."

"म्हणाले असते. मेथी घरात आली होती, माणसं उपाशी होती, म्हणून निवडली. बॉलला काय समजायचं ते समजू दे."

तो हसला. तुम्ही गेल्यापासून पहिल्यांदा. मग त्याच हसण्यात रडला आणि दोन भाकऱ्या खाल्ल्या.

दुपारी मी त्याच्याबरोबर खाली गेले, रिकाम्या हाताने. बापाच्या खोलीत त्याने एकट्याने बसू नये म्हणून गेले. कारण हे, आणि एवढंच. तुमच्या खुर्चीत मी बसले. ती जास्त आरामाची आहे. मार्तिनच्या कानात रेडिओ होता. तो एकदा उठून उभा राहिला, आणि मग टीव्हीवर तुमच्या क्लबने गोल केला. चांगला गोल होता, डोक्याने मारलेला. त्यानंतर दुसरी टीम सारखी अंगावर येत होती आणि तुमच्या पोरांनी दाद दिली नाही. मॅच जिंकले, व्याही. हा निकाल.

पण दुसऱ्या एका मैदानावर ज्या क्लबाने हरायला हवं होतं, तोही जिंकला. मार्तिनने कानातलं काढून मांडीवर ठेवलं. "गेलो," म्हणाला. या वर्षाचे गुण पुरेसे होते. गेल्या वर्षीचे मिळवले की कमी पडत होते, थोडेसेच. तुमचा क्लब खाली गेला. हाही निकाल. टीव्हीवर ते पोरगे गवतावर पडले होते, शर्ट तोंडावर ओढून. जिंकलेली माणसं अशी रडताना मी पहिल्यांदाच पाहिली.

"पापा म्हणायचे, नियम न्यायाचा आहे," मार्तिन म्हणाला.

"तुझ्या वडिलांचं चुकत होतं," मी म्हणाले.

माणूस जाऊन चार दिवस झाले नाहीत तोवर असं बोलू नये, असं सुजाताने नंतर मला ऐकवलं. पण तुम्ही समोर असतात तरी मी हेच म्हणाले असते, आणि तुम्ही मला उलट बोलला असतात. गेल्यामुळे तुमचं म्हणणं बरोबर ठरत नाही. मेथीचं काय ते तुम्ही ठरवा. मी सकाळी निवडली, तरी जिंकले. दुपारी निवडली असती तर सरासरी बदलली असती, असं म्हणायची तुमची छाती झाली नसती.

मग मी मार्तिनला विचारलं, आता पुढे काय. तो म्हणाला, पुढच्या वर्षी खालची लीग. तिथे वरचा नंबर आला की परत पहिल्या लीगमध्ये. आणि जो क्लब खालून वर येतो, त्याचे जुने गुण मोजत नाहीत. फक्त वर आल्यानंतरचे मोजतात.

"सगळं मागलं पुसतात?"

"सगळं."

हे तुम्ही मला सबंध सीझनमध्ये सांगितलं नाहीत. सांगितलं असतं तर वादात मला फार उपयोग झाला असता, म्हणूनच नसेल सांगितलं.

शनिवारी तुमच्या देशातली एक बाई माझा हात धरून म्हणाली, ते वरून बघत असतील. मी मान हलवली, कारण तिला बरं वाटत होतं. पण मी तसलं मानत नाही. माणूस गेला की गेला. तुम्ही वर नाही, खाली नाही, दुसऱ्या कुणाच्या पोटी येणार नाही, आणि मी तुमची वाट बघणार नाही. खालचा बेसमेंट आता शांत आहे आणि मला ते आवडत नाही, एवढं सांगून ठेवते. क्लबचं वेगळं आहे. क्लब परत येऊ शकतो.

मार्तिन टीव्ही बंद करता करता म्हणाला, "आई, खालच्या लीगच्या मॅच कोण बघतं? अर्ध्या तर दिसतसुद्धा नाहीत."

"मी बघणार," मी म्हणाले. "सुरू झाल्या की मला हाक मार."

त्याने विचारलं, आई, तुम्हाला फुटबॉल आवडायला लागला का. मी म्हणाले, फुटबॉलचं मला माहीत नाही. पण ते पोरगे वर आले, तर पाठीवर मागलं काही नसताना कसे खेळतात, ते मला बघायचं आहे.